पुसलेल्या डिस्कवरची पहिली नोंद

शुभा मावशी नक्की काय काम करतात, हे मला अकरा वर्षं माहीत नव्हतं.

इकडे परदेशात, अ‍ॅशबर्नमध्ये त्यांचं घर आमच्यापासून गाडीने सात मिनिटांवर. त्या मूळच्या वर्ध्याच्या, आता वय त्रेसष्ट. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत खुर्च्या मांडायचं आणि उचलायचं काम त्यांच्याकडे असायचं. ज्यांना कोणी स्टेजवर बोलवत नाही आणि ज्यांच्यावाचून हॉल वेळेत रिकामा होत नाही, अशांपैकी त्या एक. सकाळी सहाला कामावर जातात, पायात लोखंडी टोकाचे जाड बूट घालतात, एवढं सगळ्यांना दिसायचं. कोणी म्हणायचं वेअरहाऊसमध्ये आहेत, कोणी म्हणायचं सिक्युरिटीत. मी वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, माझ्या पदाच्या नावात आर्किटेक्ट हा शब्द आहे. पण त्यांना विचारावं असं मला कधी वाटलं नाही. याची आता लाज वाटते, म्हणून ते आधीच सांगून टाकतो.

गेल्या जुलैतली गोष्ट. आमची मुलगी सिया ऑगस्टमध्ये कॉलेजला जाणार होती. बेसमेंटमधला जुना कॉम्प्युटर तिला तयार करून द्यावा, म्हणून एका रविवारी दुपारी मी तो उघडला. आत एक डिस्क आधीपासून होती. माझ्या जुन्या लॅपटॉपमधून काढलेली दुसरी डिस्क मी त्यात बसवली. या दुसऱ्या डिस्कवर ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाकायची होती. पेन ड्राइव्ह लावला, इन्स्टॉल सुरू केलं, आणि अर्ध्या मिनिटात ते अडलं. पार्टिशनचा तक्ता जुन्या पद्धतीचा आहे, इथे इन्स्टॉल करता येणार नाही, असा संदेश आला.

यात घाबरण्यासारखं काही नसतं. डिस्क म्हणजे मोकळी जमीन. तिच्यावर काही ठेवायच्या आधी प्लॉट पाडावे लागतात, त्यांनाच पार्टिशन म्हणतात. कुठला प्लॉट कुठून कुठपर्यंत, याचा तक्ता डिस्कच्या सुरुवातीला लिहिलेला असतो. तो लिहायच्या दोन पद्धती आहेत, एक जुनी आणि एक नवी, आणि नव्या मशीनला नवीच लागते. जुना तक्ता पुसायचा, नवा लिहायचा, झालं. हे मी शंभरदा केलेलं आहे.

मी आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडून डिस्कची यादी मागवली. डिस्क शून्य, डिस्क एक. दोन्ही सारख्याच आकाराच्या, ९३१ जीबी. नवी बसवलेली शून्य असणार असं मी धरून चाललो. शून्य निवडली, पुसायची आज्ञा दिली. एक सेकंद लागला. डिस्क यशस्वीपणे साफ झाली, असं उत्तर आलं. मी परत इन्स्टॉलच्या पडद्यावर गेलो, साफ झालेल्या डिस्कवर नवे प्लॉट पाडले, आणि आता पुढे जावं म्हणून यादीकडे पाहिलं. दुसऱ्या ओळीत माझ्या जुन्या लॅपटॉपचं नाव तसंच्या तसं होतं.

मी चुकीची डिस्क पुसली होती.

त्या डिस्कवर काय होतं ते सांगायला हवं. सिया जन्मतः ऐकू शकत नव्हती. दीड वर्षाची असताना तिच्या कानाचं ऑपरेशन होऊन ऐकू येण्यासाठीचं यंत्र, इम्प्लांट, बसलं. ते पहिल्यांदा चालू केलं त्या दिवसापासून राधिका, माझी बायको, दर रविवारी तिचं रेकॉर्डिंग करायची. पहिला आवाज, पहिली दचक, मग 'आ', मग 'मम्', मग दोन शब्द एकत्र. सात वर्षं एकही रविवार चुकला नाही. नंतरचे व्हिडिओ फोनवरून आपोआप क्लाउडवर जायचे. पण ही पहिली सात वर्षं कॅमेऱ्यावरची, आणि ती फक्त या डिस्कवर होती. क्लाउडवर टाकायचं काम माझ्याकडे होतं. राहून गेलं होतं.

मी मशीन बंद केलं, वर गेलो आणि राधिकाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने ऐकून घेतलं, भाजी तशीच ठेवली आणि मागच्या दारातून बाहेर जाऊन उभी राहिली. सियाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "इट्स ओके बाबा. आय वॉज देअर." तिला मला बरं वाटावं असं म्हणायचं होतं. पण ती तिथे होती आणि तिला त्यातलं काहीही आठवत नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

चार दिवस मी त्या मशीनला हात लावला नाही. पाचव्या दिवशी राधिका म्हणाली, "शुभा मावशींना फोन कर."

"त्यांना? कशाला?"

"त्या आधी सहा वर्षं एका दुकानात हेच काम करायच्या. गेलेला डेटा परत काढायचं. इथे जवळच, स्टर्लिंगला."

"तुला कसं माहीत?"

"मी विचारलं होतं," राधिका म्हणाली.

फोनवर मावशींनी एकच गोष्ट विचारली. "त्या डिस्कवर नंतर काही टाकलं का तू?"

"नाही. प्लॉट पाडले फक्त. मग बंद केलं."

"चार दिवस चालू पण नाही केलं?"

"नाही."

"हे एक शहाणपणाचं केलं. शनिवारी सकाळी घेऊन ये. सियाला पण आण."

त्यांच्या बेसमेंटमध्ये मी पहिल्यांदाच गेलो. एका लांब टेबलावर निळी रबरी चटई, वर पांढरा दिवा, स्क्रू ड्रायव्हर लहानमोठ्या क्रमाने लावलेले. अरुणकाका, म्हणजे मावशींचे यजमान, खुर्च्या पुसत होते. मावशींनी मनगटाला स्थिर वीज उतरवणारा एक पट्टा बांधला, त्याची वायर टेबलाला लावली आणि मगच डिस्क माझ्या हातातून घेतली. दोन्ही हातांनी घेतली. मी ती पिशवीत टाकून आणली होती.

"पहिले हिची नक्कल करायची," त्या म्हणाल्या. "हिला मी बोट पण लावणार नाही. जे काय करायचं ते नकलेवर. चुकलं तर परत नक्कल काढता येते."

त्यांनी डिस्क एका छोट्या डबीला जोडली. त्या डबीतून फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही. दुसऱ्या टोकाला कोरी डिस्क. एक ओळ टाइप केली आणि आकडे पळायला लागले. तीन तास लागणार होते.

त्या तीन तासांत आम्ही वर बसून पोहे खाल्ले आणि मी अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांना विचारलं.

१९८२ साली त्यांनी अमरावतीला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. वर्गात तीन मुली होत्या. लग्नानंतर काही वर्षं रेडिओ दुरुस्तीच्या एका वर्कशॉपमध्ये काम केलं. १९९८ साली काका वर्क व्हिसावर इकडे आले, त्या मागोमाग आल्या. त्यांच्या व्हिसावर नोकरी करायची परवानगी नव्हती. सात वर्षं त्या घरी होत्या.

"घरी म्हणजे लायब्ररीत," काका म्हणाले. "सकाळी दार उघडायच्या आधी ही बाहेर उभी. तिथली इलेक्ट्रॉनिक्सची सगळी पुस्तकं संपवली हिनं. मग लोकांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर घरी आणायला लागली. बाथरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती."

"जागा होती," मावशी म्हणाल्या.

ग्रीन कार्ड आल्यावर स्टर्लिंगमधल्या एका छोट्या दुकानात लागल्या, फोन उचलायला. दुकान गेलेला डेटा परत काढून द्यायचं. तिथे बेंचवर, म्हणजे दुरुस्तीच्या टेबलावर, काम करणारी एक व्हिएतनामी बाई होती. जेवणाच्या सुट्टीत ती यांना डिस्क कशी वाचायची ते शिकवायची. दोघींचंही इंग्रजी मोडकं. पण डिस्कवर सगळं आकड्यांतच असतं, त्यामुळे अडलं नाही. वर्षभरात मावशी बेंचवर गेल्या. सहा वर्षांनी दुकान बंद पडलं. तेव्हापासून त्या एका डेटा सेंटरमध्ये आहेत, चौदा वर्षं झाली.

"तिथे काय करता?" मी विचारलं.

"डिस्का मारते."

मला कळलं नाही.

"जुन्या झालेल्या, खराब झालेल्या डिस्का रॅकमधून काढायच्या. नंबर स्कॅन करायचा. चालत असली तर पुसायची. एकदा नाही, पूर्ण, शेवटच्या खणापर्यंत. आणि मग मशीनमध्ये टाकायची. तिचा चुरा होतो. दोन साक्षीदार उभे राहतात, सही करतात. गाडा भरून डिस्का असतात रोज."

पुसलेली डिस्क घेऊन मी ज्यांच्या दारात आलो होतो, त्यांचं रोजचं कामच डिस्क पुसायचं होतं.

त्यांना ते चेहऱ्यावरून कळलं असावं. "म्हणून तर सांगते," त्या म्हणाल्या. "डिस्क खरोखर पुसायला किती वेळ लागतो, मला विचार. एकेका डिस्कला तास न् तास जातात. तू एका सेकंदात पुसली म्हणतो. एका सेकंदात काय पुसलं जाणार आहे? तक्ता गेला फक्त. सातबारा जळला म्हणून वावर जळत नाही."

नक्कल पूर्ण झाली तेव्हा साडेबारा वाजले होते. आम्ही खाली गेलो. सिया मावशींच्या शेजारी बसली, मी मागे उभा राहिलो.

मावशींनी नकलेचा पहिला खण उघडला. पडद्यावर आकड्यांच्या आणि अक्षरांच्या ओळी आल्या, सोळा सोळाच्या. डिस्कवर सगळं अशा छोट्या, सारख्या खणांत लिहिलेलं असतं, आणि त्या डिस्कवर असे एकशे पंच्याण्णव कोटी खण होते.

त्या बोट न लावता वाचत गेल्या. "हा तुझा नवा तक्ता. तू पाडलेले प्लॉट हे. यांच्याखाली जुन्या प्लॉटचं तोंड दबलं. तिथे लिहिलेलं असतं, की माल कुठे ठेवलाय. त्याची एक प्रत डिस्कच्या शेवटी असते." त्या शेवटी गेल्या. तिथे सगळी शून्यं होती, पडदाभर. "ती पण गेली. पुसायची आज्ञा शेवटचा तुकडा पण साफ करते."

मी विचारलं, "म्हणजे दोन्ही गेल्या?"

"हो," मावशी सहज म्हणाल्या. "आता मालालाच विचारायचं."

त्यांनी सियाला समजावून सांगितलं. प्रत्येक फाइलची एक नोंद असते. नाव काय, कधीची, कुठे ठेवली. या सगळ्या नोंदी एका वहीत असतात, आणि वहीतली प्रत्येक नोंद इंग्रजी चार अक्षरांनी सुरू होते, एफ, आय, एल, ई. फाइल. वहीतली सगळ्यात पहिली नोंद मात्र कुठल्या फोटोची किंवा व्हिडिओची नसते. ती त्या वहीचीच असते.

"द बुक हॅज अ‍ॅन एन्ट्री फॉर इटसेल्फ?" सियाने विचारलं.

"स्वतःचीच. आणि त्यात तिने स्वतःचा पत्ता लिहिलेला असतो."

त्यांनी शोध सुरू केला. खणांचे क्रमांक खालच्या पट्टीत पळत होते, लाख, दोन लाख, दहा लाख. मावशी खुर्चीला टेकून हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. तीस लाख. पन्नास लाख. शोधायचं काय, तर चार अक्षरं. मग पट्टी थांबली.

पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात स्पष्ट लिहिलेलं होतं, FILE.

वीस वर्षं मी या यंत्रांवर पोट भरतोय. त्यांच्या आत असं काही लिहिलेलं असतं हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. आकड्यांच्या त्या जंगलात तो साधा शब्द इतकी वर्षं तिथेच उभा होता. मी पुसला तेव्हाही, वर नवे प्लॉट पाडले तेव्हाही.

"हीच पहिली," मावशी म्हणाल्या. त्यांनी खालच्या एका ओळीतले काही आकडे वाचले, उलट्या क्रमाने, मनातल्या मनात, आणि कागदावर एक संख्या लिहिली. "सिया, ही नोंद म्हणते, मी प्लॉटच्या सुरुवातीपासून बासष्ट लाख एक्याण्णव हजार चारशे छप्पन्न खण आत आहे. आणि आपल्याला ती सापडली डिस्कच्या बासष्ट लाख त्र्याण्णव हजार पाचशे चाराव्या खणात. वजा कर."

मराठी आकडे सियाला झेपत नाहीत. तिने कागद जवळ ओढला, लिहिलेल्या संख्या पाहिल्या आणि वजाबाकी केली. "टू थाउजंड फॉर्टी एट."

"म्हणजे जुना प्लॉट तिथनं सुरू होतो. झालं. कड सापडली."

पुढचा पाऊण तास मी जे पाहिलं ते मला नीट सांगता येणार नाही. प्लॉटच्या तोंडाशी जे लिहिलेलं असायला हवं होतं, ते मावशींनी पुन्हा लिहिलं. हाताने, एकेक आकडा. वहीचा पत्ता त्या नोंदीतून घेतला, प्लॉटची लांबी दुसऱ्या एका नोंदीतून काढली, बाकीचं त्यांना पाठ होतं. मग नव्या तक्त्याच्या जागी जुना तक्ता लिहिला. लिहून झाल्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत परत वाचला. एका ठिकाणी थांबल्या, दोन आकड्यांची अदलाबदल केली. घाई कुठेच नव्हती. अरुणकाका चहा घेऊन आले आणि त्यांनी तो टेबलापासून चार हात लांब स्टुलावर ठेवला. त्यांना तिथला नियम माहीत होता.

"बघू आता," मावशी म्हणाल्या आणि नकलेच्या डिस्कची केबल काढून परत लावली.

पडद्यावर एक फोल्डर आलं. त्याच्या आत वर्षं. वर्षांच्या आत राधिकाने दिलेली नावं. सिया चालू केलं. सिया वाटी चमचा. सिया मम्. सिया रडली कारण कुकर. तीनशे पासष्ट फाइल्स, एकही कमी नाही.

मी राधिकाला फोन लावला. "आले," एवढंच म्हणालो. ती म्हणाली, "मावशींना दे." मावशींनी फोन घेतला, ऐकलं, आणि "अगं हो, हो" म्हणत राहिल्या.

फोन ठेवल्यावर त्या सियाकडे वळून, परवानगी मागावी तसं म्हणाल्या, "एक बघू का मी?"

"शुअर मावशी. एनी वन."

"सहा वर्षं दुकानात होते तेव्हा लोकांच्या फाइली उघडायची मनाई होती. नावं जुळली की बंद करायच्या. आणि ही चौदा वर्षं तर काय. किती डिस्का गेल्या हाताखालून, आत काय होतं ते एकदा पण नाही पाहिलं. पाहायचं नसतंच." त्यांनी चष्मा पुसला. "म्हणून म्हटलं."

सियाने वाटी चमचा उघडला. आमचं जुनं अपार्टमेंट, तपकिरी गालिचा, त्यावर पाठमोरी बसलेली दीड वर्षाची सिया, कानामागचं यंत्र धरून ठेवायला डोक्यावर पट्टी. मागून राधिकाचा हात येतो आणि स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवतो. सिया खेळत राहते. पुन्हा वाजवतो. सिया तशीच. तिसऱ्यांदा वाजवल्यावर तिचा हात हवेत थांबतो. ती हळूहळू वळते. आवाज म्हणजे काय हे तिला माहीत नाही, तो कुठून येतो हेही माहीत नाही, पण काहीतरी आलंय एवढं तिला कळलंय, आणि ती सगळ्या खोलीभर ते शोधते. मग तिला वाटी दिसते.

सिया स्वतःकडे बघत होती, एक बोट कानामागच्या यंत्रावर ठेवून. व्हिडिओ संपल्यावर ती म्हणाली, "आय लुक सो सरप्राइज्ड." आणि मग मराठीत, "मला हे आठवत नाही. पण आता आठवेल."

मावशींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्यांचे डोळे भरले होते. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "रोज गाडा भरून जातो रे. गाडा भरून."

थोड्या वेळाने त्यांनीच आठवण केली. "आणि ज्याच्यासाठी हे सगळं झालं ते राहिलंच की. मशीन आणलं ना?"

मशीन गाडीत होतं. त्यांनी ते उघडलं. आत आता एकच डिस्क होती, माझ्या लॅपटॉपमधली. "इन्स्टॉल करताना आत एकच डिस्क ठेवायची," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांच्या केबल काढून टाकायच्या. मग चुकायला जागाच नाही." आज्ञा मीच टाइप करावी असा त्यांनी आग्रह धरला. यादीत एकच ओळ होती, तरी शून्य टाइप करताना माझं बोट अडखळलं. जुना तक्ता पुसला, नवा लिहिला, आणि वीस मिनिटांत सियाचा कॉम्प्युटर तिचं नाव विचारायला लागला.

ते व्हिडिओ आता तीन ठिकाणी आहेत. एक प्रत राधिकाच्या बहिणीकडे पार्सिपनीला आहे. मूळ डिस्क मावशींनी कागदी पाकिटात घालून, वर तारीख टाकून मला परत दिली. ती आजही तशीच आहे, माझ्या चुकीसकट.

ऑगस्टमध्ये सिया कॉलेजला गेली. तिने कॉम्प्युटर इंजिनियरिंग आधीच निवडलेलं होतं, त्याचं श्रेय मावशींना देणं खोटं ठरेल. पण पहिल्या सेमिस्टरला तिला एक असाइनमेंट अडलं तेव्हा तिने मला नाही, मावशींना फोन केला. हे मला मावशींकडूनच कळलं, गणपतीच्या दिवशी, हॉलमध्ये खुर्च्या उचलताना. आम्ही दोघं उचलत होतो.

"काय विचारत होती?" मी म्हटलं.

"मेमरीचं काहीतरी. अर्धा तास बोललो. चांगलं डोकं आहे पोरीचं," त्या म्हणाल्या. "एका बाजूने धर, वाकडी नेऊ नको."